नेट आमच्या ओसरीवरून जातं

आमच्या गावात एका नेटवर दोन कॉम्प्युटर चालवणारा पहिला माणूस मीच! म्हणजे जोडणी शेवगावच्या नेटवाल्यानं केली, बटणं सूनबाईनं दाबली. मी टॉर्च धरला होता. पण टॉर्च धरणाराही लागतोच की! शिक्षण म्हणाल तर सातवी, तीही दोनदा. आता वायरीच्या एका टोकाला माझ्यासारखा माणूस बसवल्यावर किस्से साठणारच. उकिरडा वाढतो तसे वाढतात, कुणाला वाढवावे लागत नाहीत.

* * *

जोडणी अशी. नेट आधी येतं ओसरीवरच्या माझ्या कॉम्प्युटरला. तिथून दुसरी वायर आत, सूनबाईच्या कॉम्प्युटरला. नेटवाला जाताना बजावून गेला, "आबा, तुमचा कॉम्प्युटर बंद केला की आतलं नेट गेलंच म्हणून समजा. ते तुमच्यातूनच पुढं जातंय."

मी सूनबाईकडं बघितलं. तिनं कपाळाला हात लावला.

"अहो दादा, हे यांच्यासमोर कशाला सांगितलंत?"

* * *

सूनबाई म्हणजे सारिका. बी.एस्सी., गणित घेऊन. घरबसल्या पोरांना शिकवायची नोकरी करायची, हा एकच ध्यास. त्यासाठी नेटवरून वर्षभराचा कोर्स लावलेला. रोज सकाळी खोलीचं दार बंद! हाका मारल्या तरी उघडायची नाही.

मग मला चहाची तलफ आली की मी गपचूप कॉम्प्युटर बंद करायचो. मनात पाच मोजायचो. दार उघडायचं!

"आबा, नेट गेलं का?"

"व्हय गं, वाऱ्यानं गेलं असंल. आता उठलीच हाईस तर घोटभर चहा टाक."

महिनाभर मजेत चाललं. पुढं पुढं मात्र मी बंद केला तरी दार उघडेना. पाच काय, पन्नास मोजले! म्हटलं, रुसली असंल. पण मीही काही रोजचा नेम सोडला नाही.

* * *

दोन्ही कॉम्प्युटरला मिळून आत एक सामाईक कप्पा आहे, सूनबाई त्याला फोल्डर म्हणते. बांधावरच्या आंब्यासारखा, दोघांचाही. मी त्यात एका बोटानं टाईप करून ठेवलं, "चहा."

अर्ध्या तासानं उघडून बघतो तर खाली सारिकाचं उत्तर: "एक म्हातारा दिवसाला आठ कप चहा पितो. दर कपात दोन चमचे साखर. तर त्याची शुगर किती वाढेल? रीत दाखवा."

रीत मला आली नाही. डॉक्टरला आली. तेव्हापासून बिनसाखरेचा पितोय!

* * *

धाकटा भाऊ नामदेव शेजारीच राहतो. विहीर आमची दोघांत, पाणी पाळीनं. जगात जे जे वाहतं ते विहिरीच्या पाण्यासारखंच वाहतं, असा त्याचा ठाम समज. एक दिवस विचारतो, "दादा, सारिकाकडं नेट कमी का येतं रं?"

म्हटलं, "तिची खोली चढाला हाय. नेटला चढ चढवत न्हाई."

दुपारी शेतातून येऊन बघतो तर माझ्या टेबलाच्या चारी पायांखाली विटा! नामदेव हात झटकत उभा. "झाला बग उतार!"

पोट धरून हसलो आणि विटा काढायला वाकलो. तर आमची कारभारीण केरसुणी घेऊन पुढं आली. "विटांना हात लावायचा न्हाई! आत्ता कुटं केरसुणी आत जाया लागलीय."

विटा अजून तिथंच आहेत. मी उंच स्टुलावर बसतो, पाय लोंबकळत.

* * *

आणि मग सारिकाला मुलाखतीचं बोलावणं आलं. अर्ज पाच ठिकाणी, बोलावणं एकाच ठिकाणचं. सकाळी अकराला, कॉम्प्युटरवरच. नवी साडी नेसून ती ओसरीवर आली. "आबा, फक्त आजचा दिवस."

तिचा आवाज ऐकून माझी गंमत जिरली. म्हटलं, "जा बिनघोर. चिमणी फिरकू द्यायचो न्हाई."

खरंच काठी घेऊन राखणीला बसलो. कारभारणीला केरसुणीसकट परतवलं. पण म्हातारं शरीर! अर्ध्या तासात परसाकडं जायची वेळ आली. नामदेवला स्टुलावर बसवलं. "हितनं हलू नगं. सारिकाला आज लई नेट लागनार हाय."

एवढंच बोललो. परत येतो तर पडदा काळा! नामदेव गुडघ्यांवर हात ठेवून तृप्त बसलेला.

"बंद केला रं?"

"मग! तिला लई लागनार म्हनलास न्हवं? आपलं दारं बुजवलं. आता समदी धार तिकडंच!"

विहिरीच्या पाण्याला हे शंभर टक्के खरं आहे. आपल्या वाफ्याचं तोंड मातीनं बुजवलं की पाणी पुढच्याला. नेटचं उलटं, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं!

कॉम्प्युटर पुन्हा लावला. तो उठायला माझ्याएवढाच वेळ घेतो. आतून काही ऐकू येईना. पाऊण तासानं दार उघडलं. नामदेव माझ्या पाठीमागं दडला.

"सारिका, ह्या टायमाला मी न्हाई! देवाशप्पथ!" जन्मात पहिल्यांदा खरं बोलत होतो, आणि माझं मलाच ते खोटं वाटत होतं.

"लागली नोकरी, आबा," ती म्हणाली. "सरांनी विचारलं, शिकवताना मध्येच नेट गेलं तर काय कराल? आणि तेवढ्यात गेलंच! पाच मोजायच्या आत मी मोबाईलचं नेट लावून परत हजर. सर म्हणाले, इतक्या लगेच कसं काय जमलं?"

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, सर, वर्षभर रोजचा सराव आहे. सासरे ओसरीवरच बसतात."