रस्त्यापलीकडून ऐकलेला ॲम्प

लालबागच्या त्या गल्लीत दौलत कुठे राहतो असं विचारलं, की "बेंजोवाला का?" असा उलटा प्रश्न यायचा. नोकरी परळच्या एका छापखान्यात, पण ओळख बेंजो पार्टीतली. मिरवणुकीत ढोल-ताशाच्या गदारोळावर त्याचा बेंजो चढायचा. इतकी वर्षं ढोलांच्या पुढ्यात काढल्यावर कान आता थोडे गेले होते, पण कबूल कोण करतो? टीव्हीचा आवाज वाढवताना तो टीव्हीलाच नावं ठेवायचा.

असा बाप घरात असताना त्याच्या पोरीने, आकांक्षाने, बेस गिटार, म्हणजे खर्जातली जाड तारांची गिटार, शिकायला घेतली आणि तीही रामदासकडे. रामदास म्हणजे पार्टीत त्याच्याच शेजारी उभा राहून कीबोर्ड वाजवणारा मित्र; पुढे ऑर्केस्ट्रात गेला आणि बेस शिकला. त्याने आपली जुनी गिटार पोरीला दिली, आणि तेव्हापासून जेवायला बसलं तरी रामदासकाकाच. रामदासकाका म्हणतात बोटं अशी ठेवायची, रामदासकाका म्हणतात घाई करायची नाही. चार सूर दौलतलाही कळत होते, पण त्याला विचारतंय कोण?

आता सरावाला आवाज वाढवणारा छोटा ॲम्प हवा होता. रामदासने सांगून ठेवलं होतं, बेससाठीच बनवलेला घ्या, डबा जाड लाकडाचा बघा, म्हणजे वर्षानुवर्षं टिकेल. रविवारी तो स्वतः बरोबर येणार होता. दौलतने शनिवारीच अर्धी रजा टाकली आणि पोरीला दादरच्या दुकानात नेलं.

बेंजो पार्टीवाले दुकानात उभं राहून ॲम्प पारखत नाहीत. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने पलीकडच्या फुटपाथवर जाऊन ऐकायचं. तिथवर पोचला तर माल चांगला. दौलतने तेच केलं. बेसचा ॲम्प गाड्यांच्या आवाजात विरून गेला. शेजारचा गिटारचा ॲम्प, ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं, बटण पूर्ण पिळल्यावर, खणखणीत आला. दौलतने तिथूनच अंगठा वर केला. दुकानदार म्हणाला की हा बेसला चालणार नाही. आयुष्यभर टेम्पोवर स्पीकरची खोकी चढवलेल्या माणसाला हा शिकवणार! शिवाय तो ॲम्प स्वस्तही होता; दौलतने तोच घेतला.

घरी जाड तार छेडली की स्पीकर फाटल्यासारखा फरफरायचा. आकांक्षा म्हणाली, छान आहे. मग हळूहळू ती वायरच जोडेना. गिटारच्या लाकडाला कान टेकवून वाजवत बसायची. रामदास एकदा येऊन ऐकून गेला. त्याने नाक मुरडावं म्हणून दौलत टपूनच बसला होता, भांडायला तरी बरं पडलं असतं. तर तो म्हणाला, आवाज मोकळा आहे. म्हणजे चांगुलपणातही हाच पुढे. दौलतचा नुसता जळफळाट झाला.

पण पोरीचा तो लाकडाला टेकलेला कान त्याला बघवेना. शेवटी एका संध्याकाळी ॲम्प उचलून तो रामदासच्या दारात उभा राहिला.

"चल, बदलून आणू," एवढंच म्हणाला.

दुकानदाराने थोडे पैसे वर घेऊन बदलून दिला. या वेळी रामदासने निवडला. दौलतने रस्ता ओलांडला नाही.

दौलतच्या जिन्याशी रामदास थांबला. "तूच निवडलास म्हणून सांग रे. मी आलोच नव्हतो."

दौलतला ते मनापासून हवं होतं, आणि रामदासने ते ओळखलं याचा रागही आला.

घरी आकांक्षाने वायर जोडली. जाड तारेचा सूर लादीतून थेट दौलतच्या तळपायांत आला. पोरीचा चेहरा खुलला; गिटार हातात आल्यापासून इतका खुललेला त्याने पहिल्यांदाच पाहिला.

"हा कोणी निवडला, पप्पा?"

खोटं जिभेवर तयार होतं.

"रामदासने," तो म्हणाला. "माझा तुला आवडला नव्हता. मग बोलली का नाहीस?"

आकांक्षा तारांकडे बघत म्हणाली, "तो तुम्हाला रस्त्यापलीकडे ऐकू आला होता ना. मला वाटलं, दुसरा घेतला तर माझं वाजवणं तुम्हाला ऐकूच येणार नाही."

कानांचं घरात कोणाला ठाऊक नाही, असं दौलत इतकी वर्षं धरून चालला होता. त्याने स्टूल ओढून ॲम्पला चिकटून ठेवलं, त्यावर बसला आणि म्हणाला, "वाजव."