न उचललेली आकडी

आमच्या मिलच्या साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, कांडी बदलायची एकच रीत होती. आडवा धागा नेणाऱ्या लाकडी धोट्यात सुताची नवी कांडी बसवायची, धोट्याच्या भोकाला ओठ लावायचे आणि जोरात श्वास आत ओढायचा. धागा सुटकन भोकातून बाहेर यायचा. त्याच्याबरोबर कापसाची धूळ आणि सूत रंगीत असेल तर रंगही तोंडात यायचा. थुंकायचं आणि साचा सुरू करायचा. एका पाळीत दोन साच्यांवर हे दीड-दोनशे वेळा चालायचं. पाळी सुटली की दुसरा साचेवाला येऊन त्याच धोट्यांना तोंड लावायचा. माझ्या बापानेही जन्मभर असाच धागा ओढला. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

वावगं वाटलं ते १९५८ साली, बाबूराव आला तेव्हा.

बाबूराव परदेशीपुऱ्यात राहायचा. दोनच वर्षांपूर्वी त्याच्या घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला होता. त्याचे आजोबा महूच्या छावणीत हवालदार, माझे खापरपणजोबा होळकरांच्या फौजेत शिलेदार. लढाया दोन्हीकडच्यांनी केल्या होत्या, पण साचाखातं आमचं होतं. त्याच्या लोकांना सूतखात्यात काम मिळे, नाहीतर कचरा उपसायला. साचाखात्यात नाही, कारण धोट्याला उष्टं लागतं. आम्ही तीनशे लोक रोज एकमेकांचं उष्टं चाटत होतो, ते चालत होतं. युनियनने भांडून बाबूरावला आत आणलं आणि नेमकं माझ्याच साच्यांवर दुसऱ्या पाळीला लावलं. म्हणजे दुपारी त्याने तोंडाला लावलेला धोटा दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या तोंडात येणार.

तेव्हा मी पंचविशीतला होतो. अक्कल बेताची, ताठा भरपूर. मी बारीक तार वाकवून एक आकडी केली आणि पाळी बदलताना त्याच्यापुढे धरली.

“बाबूरावजी, तुम्ही याने धागा ओढत जा. आराम पडेल.”

त्याने आकडी बोटांत फिरवून पाहिली. “सगळ्यांना दिली का?”

“नाही, तुमच्यासाठीच बनवली.”

“मग राहू द्या, भिया. सगळे करतात तसंच मी करणार.”

त्याने आकडी माझ्या हातात परत दिली, धोटा उचलला, आणि माझ्याकडे बघत बघत ओठ लावून धागा ओढला. सगळं खातं बघत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धोटा हातात घेऊन मी उभा राहिलो आणि माझ्याच्याने तोंड लाववेना. खिशात आकडी होती. मी तिनेच धागा ओढला. शेजारच्याने विचारलं तेव्हा म्हणालो, दात दुखतोय. तो दात पुढे तीस वर्षं दुखत राहिला.

माणूस बदलतो, मीही बदललो. पुढे बाबूराव आणि मी एका डब्यात जेवलो. त्याच्या बायकोच्या, गिरिजावहिनींच्या, हातचा ठेचा मी मागून घ्यायचो. माझ्या मुलीच्या लग्नात मांडवाची सगळी व्यवस्था त्याने बघितली. पण आकडी हाताला बसली होती, ती सुटली नाही. ती का धरली हे आपण विसरलो, असं मी स्वतःला सांगायचो. बाबूराव विसरला नसणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

१९८६ मध्ये मिलमध्ये डॉक्टर आले. मिल तेव्हा आचके देत होती, पगार पुढे ढकलले जात होते. डॉक्टरांनी साचाखात्यातल्या सगळ्यांचे एक्स-रे काढले. एकोणीस जणांच्या छातीत डाग निघाले. माझी छाती कोरी करकरीत. डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही वेगळं काय करता? मी आकडी दाखवली. महिन्याभरात मॅनेजरने तशा तीनशे आकड्या करून घेतल्या.

खात्याने त्यांना हात लावायला नकार दिला. मिल बुडतेय आणि यांना आकडी सुचतेय, असं जो तो म्हणू लागला. काहींना वाटलं, आज आकडी, उद्या माणशी चार साचे. सगळ्यांचे डोळे बाबूरावकडे होते. तोवर तो कमिटीत होता, त्याचा शब्द चालायचा. त्याने उचलली तर खातं उचलणार होतं. त्याचा मुलगा पंचशीलही तेव्हा आमच्याच खात्यात बदली कामगार म्हणून उभा राहायचा आणि बापाकडे बघून तोंडानेच ओढायचा.

मी बाबूरावच्या घरी गेलो. तो हटवादी माणूस नव्हता. पाळीत माझ्यामागे उभं राहून, घड्याळ लावून त्याने सगळा हिशोब केला होता.

“आकडीने पाळीला दहा मिनटं जातात,” तो म्हणाला. “दहा मिनटांसाठी छाती द्यायची नाही, इतना तो मुझे भी समझता है. काम बदलायला पाहिजे, मान्य.”

“मग उचल ना यार.”

“उचलतो. पण उद्या गेट मीटिंगमध्ये तू बोलणार आहेस ना? तेव्हा हेही सांग की तू आकडी का धरलीस. तू सांगितलंस की मी पहिली उचलतो.”

“अरे, तीस वर्षं झाली त्याला.”

“म्हणूनच. नाहीतर लोक म्हणतील, बघा, शेवटी यांच्या हातात आकडी दिलीच. एकदा खरं बोलून टाक, तुकोजी. मग ती सगळ्यांची होईल.”

त्याचं म्हणणं रास्त होतं. मी रात्रभर मनात वाक्यं जुळवली. दुसऱ्या दिवशी गेटवर उभा राहिलो. समोर तीनशे माणसं, पहिल्या रांगेत बाबूराव, त्याच्या मागे पंचशील. मी एक्स-रेचं सांगितलं, धुळीचं सांगितलं, एकाची थुंकी दुसऱ्याच्या पोटात कशी जाते ते सांगितलं. मग कोणीतरी ओरडून विचारलं, “भिया, तुम्हाला हे आधीच कसं कळलं?”

मी म्हणालो, “तेव्हा माझा दात दुखत होता.”

लोक हसले. मीही हसलो, याची मला आजही लाज वाटते. बाबूराव हसला नाही. तो उठून आत गेला, साच्यापाशी उभा राहिला आणि धोट्याला ओठ लावून धागा ओढला. त्याच्या मागोमाग सगळ्यांनी तेच केलं. आकड्यांची पेटी स्टोअरमध्ये परत गेली.

त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी डबाही उघडला, पण मी जेवलो नाही.

१९९१ मध्ये गेटला कुलूप लागलं. पेपरात नव्या धोरणाच्या बातम्या यायच्या, मल्हारगंजच्या बाजारात बाहेरचं स्वस्त कापड यायचं, आणि आम्ही गेटसमोर रोज थोडे थोडे कमी जमायचो. बाबूरावचा खोकला त्याआधीच सुरू झाला होता. क्षय निघाला. औषधं झाली, पण फुफ्फुसात उरलं काही नव्हतं. आकडीने तो वाचला असता असं कोणी डॉक्टर लिहून देणार नाही. मी आठवड्यातून दोनदा इस्पितळात जायचो. गेटवर खरं का बोलला नाहीस हे आज विचारेल, ही धास्ती घेऊनच जायचो. त्याने कधीच विचारलं नाही. चौऱ्याण्णवच्या थंडीत तो गेला.

महिन्याभराने पंचशील माझ्याकडे आला. बुरहानपूरला पॉवरलूमवर काम मिळालं होतं, दुसऱ्या दिवशी निघायचं होतं.

“काका, तुमची ती आकडी द्याल का? तिथेही सब लोग मुंह से ही खींचते हैं म्हणे. बाबांचं बघितल्यापासून मला भीती वाटते.”

 मी आकडी काढून त्याच्या हातात दिली. तिथेच थांबायला हवं होतं. पण आठ वर्षं अडकलेलं बाहेर पडायला बघत होतं, आणि समोर त्याच माणसाचा मुलगा बसला होता. मी सगळं सांगितलं. आकडी पहिल्यांदा कोणासाठी केली, कशासाठी केली, बाबूरावने गेट मीटिंगमध्ये माझ्याकडून काय मागितलं होतं. मन हलकं झालं म्हणून मी डोळे पुसले.

पंचशीलने आकडी बोटांत फिरवून पाहिली. मग त्याने आकडी माझ्यासमोरच्या स्टुलावर ठेवली.

“बाबा मला कधी बोलले नाहीत हे.”

“अरे, माझ्यावर राग धर, मला शिव्या घाल. पण आकडी घेऊन जा. ती चांगली आहे.”

“चांगली आहे, काका. राग पण नाही. पण बाबा ही न उचलता गेले. आता मी उचलली तर ते कशासाठी गेले?”

मी त्याचा हात धरला, त्याने तो हळूच सोडवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तो बुरहानपूरला गेला.