सशाची मिशी

जुन्या हुबळीतील एक गृहस्थ जुन्या कार्टूनपटांची फाटकी पोस्टरे खळीने कापडावर चिकटवून दुरुस्त करीत. ब्रश टेकवताना चित्रातल्या प्राण्यांनाही ते "सुम्न कूड, गप बस, हलू नको" अशी तंबी देत.

मी त्यांच्याकडे दुरुस्तीला नेलेल्या पोस्टरवरील सशाला माझ्या दिवंगत भावाने लहानपणी पेन्सिलीने मिशी काढली होती. "अण्णा, तेवढी मिशी राहू द्या," मी संकोचाने म्हणाले. कारण सांगवले नाही.

पोस्टर परत देताना ते खुशीत होते. "पुसट झालेली ओ अक्का. काळ्या रंगानं पक्की केलो बघा. आता जन्मात जात न्हाई!"

त्या झुबकेदार मिशीखाली पेन्सिलीची एकही रेघ दिसत नव्हती. "छान झाली," मी म्हणाले.

आता घरी कोणी "मिशी कुणी काढली?" असे विचारले, की दोघांपैकी कुणाचे नाव घ्यावे, ते मला कळत नाही.