उलटा टांगलेला मॉनिटर

ऑर्व्हिल टेव्झला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं कॅनडात मॅनिटोबातल्या त्या सपाट गावात एकच माणूस म्हणत असे, आणि तो म्हणजे खुद्द ऑर्व्हिल. धान्यकोठारातली नोकरी संपल्यावर त्याने ही विद्या अंगावर घेतली. कुणाचा मॉनिटर बिघडला की हा बोलावण्याची वाट न बघता स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. आधी मॉनिटरच्या टाळक्यात एक चापट, मग बंद करून चालू, आणि तरीही जमलं नाही तर डॉक्टरसारखी मान हलवून, "गेला हा."

शेजारच्या व्हेराबाईंच्या पडद्यावर सगळं गुलाबी दिसू लागलं, तेव्हा त्याने त्यांना नवा मॉनिटर घ्यायला लावला. नव्यावरही गुलाबीच! मागची वायर सैल होती. झाडताना व्हेराबाईंचा धक्का लागला आणि ती नीट बसली. "बघा, नवा घेतल्यावर जरा वेळ लागतो," ऑर्व्हिल म्हणाला.

त्याची बायको लिओना हे ऐकून फक्त नाक उडवायची. मूर्ख नवरा पदरी पडला की बाईने संसार थोडाच मोडायचा असतो!

हिवाळ्यात सगळं गाव कर्लिंगच्या क्लबात. बर्फावर दगड सरकवणारे खाली, कॉफी ढोसत त्यांना अक्कल शिकवणारे वर. वरच्या भिंतीवर गुणांचा मॉनिटर होता. एकदा ऐन स्पर्धेत कीबोर्डवर ऑर्व्हिलचं कोपर पडलं आणि पडद्यावरची सगळी नावं खाली डोकं वर पाय झाली.

"अरे, हे काय करून ठेवलंस?" बर्फाची देखभाल करणारा मरे ओरडला.

"मी काही केलं नाही. कारखान्यातलाच दोष आहे. आतून फिरलाय," ऑर्व्हिल गंभीरपणे म्हणाला. मग शिडीवर चढून त्याने स्क्रू काढले, मॉनिटर उलटा केला आणि तसाच परत टांगला. नावं सरळ झाली. कंपनीचं नाव तेवढं शीर्षासनात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लिओनाला वाटलं, आपला नवरा एकटाच मूर्ख आहे असं इतकी वर्षं आपण उगाच समजत होतो.

पुढच्या हिवाळ्यात क्लबाने नवा कॉम्प्युटर घेतला. जोडला, तर नावं पुन्हा उलटी.

"आता मॉनिटर सरळ करायला हवा ना?" मरेने विचारलं.

"काय बोलतोस! याही कॉम्प्युटरमध्ये दोष आहे. सरका जरा, बघू दे मला."

सगळ्यांकडे पाठ करून तो कीबोर्डवर वाकला. लिओना बाजूलाच बशा आवरत होती. त्याची बोटं तिला स्पष्ट दिसली. न चाचपडता, न बघता त्याने ठरावीक बटणं दाबली आणि नावं सरळ झाली. पुन्हा टाळ्या.

दुपारी घरी जाताना गाडीत ती म्हणाली, "तुला ती बटणं माहीत होती."

"कुठली बटणं?"

"उगाच वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. कधीपासून माहीत आहेत?"

ऑर्व्हिलने काच पुसली. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं. "गेल्याच वर्षी. दुसऱ्या दिवशी माहितीपुस्तकात सापडलं."

"मग मॉनिटर सरळ का नाही केलास?"

"सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या गं, लिओना."

मूर्ख माणसाबरोबर आयुष्य काढलं, याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण शेजारी बसलेला हा माणूस मूर्खसुद्धा नव्हता! तिने मान खिडकीकडे वळवली.

वसंतात क्लबाची सभा झाली. ऑर्व्हिल अध्यक्षपदाला उभा राहिला. त्याच्या विरोधात कुणीच नव्हतं. हात वर झाले, मरेचाही, व्हेराबाईंचाही. लिओना मांडीवर हात ठेवून बसून राहिली. कुणी तिच्याकडे पाहिलंच नाही. चिटणिसाने निवड एकमताने झाल्याचं जाहीर केलं, आणि ऑर्व्हिल आभाराचं भाषण करायला उठला.