धुतलेली फीत

"फीत आत येऊ दे. तू तिथंच थांब."

नांदेडचे वकीलसाहेब हे बोलले तेव्हा माझा एक पाय त्यांच्या उंबऱ्यावर होता. तो मी इतक्या घाईनं मागं घेतला, की रस्त्यातल्या म्हशीवर जाऊन आदळलो. म्हैस रागावली नाही. त्या दिवशी न रागावलेली ती एकटीच.

निजामाची शेवटची वर्षं. मी हैदराबादला इमारतींचे नकाशे काढायची विद्या शिकत होतो, तीही उर्दूतून. सनद मिळण्याआधी दोघादोघांनी मिळून एक घर मोजायचं आणि त्याचा नकाशा काढायचा. माझा जोडीदार अनंता, वकीलसाहेबांचा पुतण्या. म्हणून घर त्यांचंच ठरलं.

ते घर उठताना माझ्या बापानं दगड वाहिले होते. माय तर देवघरात बसून चुना कालवायची. वास्तुशांत होईपर्यंत कुणाची ना नव्हती. शांत झाली आणि आम्हा गावकुसाबाहेरच्यांना घर बंद झालं.

बाहेरच्या भिंती मी त्याच मोजफितीनं आधी मोजल्या होत्या. आतलं राहिलं होतं. फीत कापडी, पन्नास फुटी, कॉलेजची. अनंताच्या काकूंनी ती काठीनं उचलली, घंगाळात बुचकळली, वरून गोमूत्र शिंपडलं आणि वाळत घातली. जीभ टाळूला अशी चिकटली होती, की सोडवायला गवंडी लागला असता.

मग अनंता आत मोजायचा, खिडकीतून आकडे ओरडायचा आणि मी रस्त्यात उन्हात उभा राहून लिहायचो. वकीलसाहेब मधूनच विचारायचे, "बरोबर लिहून राहिलं का रे ते? का रेघोट्याच ओढून राहिलं?" 'ते' म्हणजे मी.

हैदराबादला आमच्या मास्तरांनी, उस्तादांनी, नकाशा पाहिला, पुन्हा पाहिला. आतल्या खोल्या आणि भिंतींची जाडी मिळून बेरीज बाहेरच्या मापाहून जास्त भरत होती.

"ये घर बाहर से छोटा, अंदर से बड़ा. जादू का है क्या?"

अनंता लगेच म्हणाला, "मी नीट सांगितलं होतं, उस्ताद. यानं चुकीचं लिहिलं."

उस्तादांनी माझ्यापुढं कोरा कागद सरकवला. चूक माझी, असा माफीनामा लिहायचा. मग अनंता पास, मी पुढच्या साली. नाही लिहिलं तर कॉलेजातून नाव कापणार.

माझे गुडघे असे वाजायला लागले, की शेजारच्या वर्गाला घंटा झाल्यासारखं वाटलं असेल. बापाचा चेहरा दिसायला लागला. अख्ख्या वस्तीतून शिकायला आलेला मी एकटा. टाक दौतीत बुडवला. 'मी' एवढं लिहिलंसुद्धा.

आणि हात थांबला. बाप परांची बांधायचा तेव्हा दोरीच्या गाठींवर पाणी मारायचा. ओली दोरी आटते, गाठ आवळते. दोरी आटते, तर फीत?

"उस्ताद, ती फीत एकदा गजानं मोजा."

तीन फुटी मापाचा लोखंडी गज आणला. फीत जमिनीवर ताणून धरली. पन्नास फुटांत वीतभर कमी भरली. आटलेल्या फितीनं मोजलेली प्रत्येक खोली मोठी निघाली होती.

"पानी में किसने डाली?"

"वकीलसाहेबांच्या घरी धुतली. माझा हात लागला होता म्हणून."

अनंता आपली नखं बघत बसला. उस्तादांनी दार लोटलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ये बात कागज पे नक्को. वकीलसाब बड़े आदमी हैं. तू माफीनामा लिख दे, बेटा."

त्यांना सगळं दिसलं होतं. तरी कागद माझ्याचपुढं होता.

"न्हाई लिहिणार," मी म्हणालो. आवाज उंदराचा निघाला. पण निघाला.

नाव कापलं. दोन वर्षं लातुरात, बापाच्या नव्या कामावर, त्याच्यासोबत दगड वाहिले, मग बाहेरून पुन्हा परीक्षेला बसलो. सनद मिळाली. भीती काही गेली नाही. अजूनही कुणी मोठ्या आवाजाचा माणूस माझ्यापुढं कागद सरकवतो आणि माझे गुडघे वाजतात. वाजू देत. तुमची चूक माझ्या नावावर मी लिहिणार नाही. एक ओळसुद्धा नाही.