सोडा ब्रेड आणि बाबांचे रोडगे

आई गेल्यावर मी बाबांना वर्ध्याजवळच्या गावाहून पुण्याला, वारज्याला घेऊन आले. ते शाळेत गणित शिकवायचे, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. मी सकाळी हडपसरला ऑफिसला जायचे आणि ते बाल्कनीत एकच वर्तमानपत्र दुपारपर्यंत वाचायचे. जेवणावरून त्यांचं मन उडालं होतं.

रविवारी मात्र मी घरी ब्रेड भाजायचे. बाबा येण्याआधी मी कामानिमित्त सहा महिने आयर्लंडमध्ये होते. तिथल्या घरमालकीणबाईंनी मला यीस्टशिवाय, सोडा आणि ताकावर फुगणारा सोडा ब्रेड शिकवला आणि माझ्याबरोबर राहणाऱ्या इटालियन मुलीनं फोकाचिया हा चपटा, तेलकट ब्रेड. फोकाचियाच्या फुगलेल्या पिठावर ऑलिव्हचं तेल ओतून मी बोटांनी खळगे पाडत होते, तेव्हा बाबा पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"काय करून राहिली?"

"ब्रेड, बाबा. इटलीचा."

"एवढं तेल? रोडग्याले तरी एवढं नाही लागत."

रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, शेतात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. आमच्याकडे ते पुरुष करतात. बाबांना स्वयंपाकातलं येत होतं ते तेवढंच. पण त्या दिवशी त्यांनी फोकाचियाचा कडेचा तुकडा उचलला, मग दुसरा, आणि मी मुद्दाम दुसरीकडे पाहत राहिले.

पुढच्या बुधवारी ऑफिसातून परतले, तर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातच गाठलं. काकू पेठेत वाढलेल्या. "अहो, दुपारी आपल्याकडे बरीच ठोकाठोक चालली होती. भिंत पाडताय, की नवी बांधताय?"

वर गेले. ओट्यावर खलबत्ता, आणि सगळीकडे कणकेचे भाजके, टणक तुकडे. बाबा ते गोळा करत होते.

"हे काय, बाबा?"

"चिमण्यांसाठी फोडून राहिलो."

मी एक तुकडा उचलून पाहिला. मग तेच म्हणाले, "तुह्या वहीत पाहून तो आयर्लंडवाला ब्रेड केला. ताक टाकाचं राहूनच गेलं. पाण्यात भिजवला, दगड झाला." तुकडे वेचत, खाली पाहतच पुढे बोलले, "तुह्या मायनं चाळीस वर्षं मले डब्बा दिला. रोडगे मी गड्यांसाठी केले. तिच्यासाठी कधी काही केलं नाही. म्हटलं, तू थकून येतं, तुले तरी गरम खाऊ घालू."

मी त्यांच्या हातातले तुकडे घेतले आणि दोघांसाठी चहा टाकला.

रविवारी आम्ही तो ब्रेड दोघांनी मिळून केला. कणीक, थोडा मैदा, मीठ, खायचा सोडा आणि आंबट ताक. फार मळायचं नाही, हे त्यांना पटता पटेना. त्यांचे हात सारखे मळायला धावायचे. गोळ्यावर सुरीनं फुलीसारखी चीर द्यायला सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "हे कायले?"

"आयर्लंडच्या घरमालकीणबाई म्हणायच्या, आतल्या पऱ्यांना बाहेर जायला वाट हवी."

आई गेल्यापासून बाबा पहिल्यांदा हसले. "आमच्या रोडग्यात पऱ्या नसतात. राख असते."

त्यानंतर सोडा ब्रेड त्यांचा आणि फोकाचिया माझा, अशी वाटणीच झाली. पहिला ब्रेड जमला तेव्हा अर्धा त्यांनी काकूंना नेऊन दिला. काकूंनी तिथेच चावून पाहिला. "बरा आहे. ताक मात्र अजून आंबट चाललं असतं." काकूंच्या तोंडून 'बरा' म्हणजे काय, हे मी बाबांना समजावून सांगितलं. पुढच्या वेळी त्यांनी ताक दोन दिवस आधीच करून ठेवलं.

तीन हिवाळे ते माझ्याकडे राहिले. मग त्यांना गावाची ओढ लागली आणि भाऊ येऊन घेऊन गेला. गेल्या वर्षी ते तिथेच, झोपेत गेले.

गावाहून परतल्यावर पहिल्या रविवारी मी बऱ्याच दिवसांनी त्यांचा सोडा ब्रेड करायला घेतला आणि सवयीनं पीठ दोघांचंच घेतलं. तो ब्रेड तीन दिवस पुरला. सकाळी उभ्याउभ्याच चहात बुडवून खाल्ला, आणि ऑफिसला गेले.