कोल्हापूर न सापडणारं यंत्र

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी पुण्यात छोट्या विमानांचे रेडिओ आणि दिशादर्शक यंत्रं दुरुस्त करायचे. शिरोलीतल्या एका फौंड्रीमालकाचं चार जणांचं विमान कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर असायचं. त्याच्या दिशादर्शकात विमानतळांची सगळी माहिती एका छोट्या कार्डावर असते आणि ती ठरावीक मुदतीनं बदलावी लागते. या वेळी नवं कार्ड घातलं आणि यंत्राला कोल्हापूरच सापडेना. म्हणून मला बोलावणं आलं.

मी पोचले तेव्हा हँगरमध्ये मालकांचे वडील खुर्ची टाकून बसले होते. डोक्याला पटका, पायात करकरणाऱ्या नव्या चपला. राधानगरीकडची आपली शेती त्यांना एकदा वरून बघायची होती.

"काय झालंय ह्येला?" त्यांनी विचारलं.

"आबा, याला कोल्हापूर कुठं आहे तेच कळत नाही."

"आपण तर हितंच बसलोय की."

विमान चालवणारे कॅप्टन हवाईदलातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. म्हणाले, "नदी धरून राधानगरीपर्यंत मी असाही जाईन. पण घाटाकडनं ढग आले तर परतायला हे लागतं. म्हातारा माणूस बरोबर आहे."

मी कार्ड काढलं, त्याच्या कडेच्या धातूच्या पट्ट्या स्पिरिटनं पुसल्या, परत घातलं. फरक नाही. मग जुनं कार्ड लावून बघितलं, तर कोल्हापूर लगेच दिसलं. म्हणजे यंत्र ठीक होतं, दोष नव्या कार्डात होता. पण जुन्याची मुदत संपली होती आणि त्यावर उडायला कॅप्टन तयार नव्हते.

नवं कार्ड पुन्हा लावलं आणि यंत्र सुरू होताना पडद्यावर येणाऱ्या ओळी या वेळी सावकाश वाचल्या. तारीख बरोबर होती, म्हणून सगळे पुढं जात होते. तिच्या वरच्याच ओळीत अमेरिका लिहिलं होतं. माहिती पुरवणाऱ्यांनी भलत्याच खंडाची माहिती भरून पाठवली होती.

मी त्यांना फोन लावला. त्यांनी चूक मान्य करून आपल्या भागाची माहिती इंटरनेटवरून उतरवून घ्यायला खुली करून दिली. फौंड्रीच्या ऑफिसात इंटरनेट होतं, पण रडतखडत चालणारं. मध्येच लाईट गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कार्ड भरून हँगरवर परतले तेव्हा दुपार कलली होती. आबा जागचे हलले नव्हते. माझ्यासाठी भाकरी आणि झुणका झाकून ठेवला होता.

यंत्र सुरू केलं. कोल्हापूर आलं. कॅप्टननी आजूबाजूचे विमानतळ एकेक करून तपासले आणि मान हलवली.

यंत्रावर नजर ठेवायला म्हणून मलाही मागं, मालकांच्या शेजारी बसवलं. भोगावतीच्या वळणांवरून आम्ही निघालो. आबांनी पडद्याकडं एकदाही बघितलं नाही. धरणाचं पाणी दिसलं तसे ते काचेला चिकटले. मग एका हिरव्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "त्यो भात आपला." मुलानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो उतरेपर्यंत काढला नाही.

खाली आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तू कुठली गं?"

"इकडचीच, बिद्रीची. वडील साखर कारखान्यात होते."

"मग मगाशी सांगायचं न्हाय व्हय?" ते म्हणाले. "जाता जाता तुझं बी घर बघितलं असतं."